वाचले खरे, पण उमजले काय?

महाराष्ट्रात पहिलीच्या इयत्तेपासून हिंदी शिकवावी की शिकवू नये, या प्रश्नावरून २०२५ च्या उन्हाळ्यात जो गदारोळ उठला, तो वाचकांच्या स्मरणात असेलच. १६ एप्रिलला शासनाने निर्णय काढला, त्यावरून काहूर माजले, आणि २९ जूनला शासनाला माघार घ्यावी लागली. सभा झाल्या, मोर्चांच्या घोषणा झाल्या, वृत्तपत्रांचे रकाने भरले. परंतु या साऱ्या धामधुमीत, महाराष्ट्राच्या सीमेला अगदी खेटून असलेल्या एका मराठी मुलखाची आठवण कोणी काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही. त्या मुलखात घर मराठी आणि शाळा हिंदी ही स्थिती आज नव्हे, पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. हिंदी लहान वयात शिकवल्याने काय होते, याची चर्चा ज्यांना करायची होती, त्यांनी एकदा पांढुर्णा आणि सौंसर येथील शाळांत डोकावून यायला हवे होते.

नागपूरहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर पांढुर्णा लागते आणि छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सौंसर. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा संत्र्यांचा आणि कापसाचा प्रदेश. नागपूर ही जुन्या मध्यप्रांताची राजधानी होती, तेव्हा या गावांना आपण कोणत्या भाषेच्या राज्यात आहोत हा प्रश्न कधी पडला नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील मराठी भागासह, मध्य प्रदेशातच राहिला. सत्तासष्ट वर्षांनी, २०२३ मध्ये, पांढुर्णा व सौंसर ही दोन तहसील छिंदवाड्यातून वेगळी काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. मध्य प्रदेशाच्या नकाशावर मराठीचा ठसा एवढा स्पष्ट उमटलेला जिल्हा क्वचितच दुसरा सापडेल. तेव्हा तेथील प्राथमिक शाळेत काय चालावे, याचा विचार नव्याने करण्याची हीच वेळ आहे, असे आम्हांस वाटते.

माध्यमाच्या जुन्या वादात आज आम्ही शिरू इच्छीत नाही. त्याहून लहान दिसणारा, पण आमच्या मते अधिक मुळाशी जाणारा एक प्रश्न आम्हांस विचारायचा आहे. तिसरी-चौथीच्या मुलाने धडा वाचला. आता पुस्तक मिटून, त्यात काय होते ते चार वाक्यांत सांग, असे म्हटले तर त्याला ते सांगता येते काय? ज्याला आपण सारांश म्हणतो तो हाच. परीक्षेत पाच गुणांसाठी विचारला जाणारा, आणि म्हणून माध्यमिक शाळेत कधीतरी उरकून घ्यायचा एक लेखनप्रकार, अशी सारांशाची आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः सारांश ही समजुतीची कसोटी आहे. ज्याला सार सांगता आले त्याला धडा कळला. ज्याला आले नाही त्याने कितीही घडाघडा वाचून दाखवले, तरी त्याच्या ओठांना व्यायाम झाला एवढेच म्हणता येईल.

पांढुर्णा-सौंसरच्या मुलाच्या बाबतीत ही कसोटी इतरांपेक्षा अधिक आवश्यक का ठरते, हे नीट समजून घेतले पाहिजे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. तामीळ घरातील मुलासमोर हिंदी पुस्तक ठेवले तर ते अडखळते, आणि ते अडखळते हे शिक्षकाला तत्काळ दिसते. मराठी मूल मात्र अडखळत नाही. अक्षरे ओळखीची, काने-मात्रे ओळखीचे, निम्मे-अधिक शब्दही ओळखीचे. ते झरझर वाचत जाते आणि शिक्षक समाधानाने मान डोलावतात. पण ओळखीचे शब्द हेच तेथे फसवे ठरतात. ‘राजू ने शिक्षा पाने की बड़ी चेष्टा की’ हे एक साधे हिंदी वाक्य आम्ही उदाहरणादाखल रचतो. राजूने शिक्षण मिळवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ज्याच्या घरी शिक्षा म्हणजे दंड आणि चेष्टा म्हणजे थट्टा, त्या मुलाच्या मनात कोणता राजू उभा राहील? कोणाची तरी टवाळी करून मार खाणारा! हिंदीतला ‘संसार’ म्हणजे जग, आपला संसार म्हणजे चूल आणि मूल. हिंदीतले ‘खाली’ म्हणजे रिकामे, आपले खाली म्हणजे तळाशी. हिंदीतली ‘यात्रा’ म्हणजे कोणताही प्रवास, आपली यात्रा म्हणजे देवाची जत्रा. बाजारातली आणि चित्रपटांतली हिंदी त्या मुलाला येते, हे खरे. पण पाठ्यपुस्तकातली संस्कृतप्रचुर हिंदी हा निराळा प्रकार आहे, आणि मोठ्याने वाचून घेण्याने ही गफलत कधीच उघडकीस येत नाही. ती उघडकीस येते ‘काय वाचलेस ते आपल्या शब्दांत सांग’ असे म्हटल्यावरच.

आता मुले सारांश करतात म्हणजे नेमके काय करतात? या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास अमेरिकेत ॲन ब्राऊन आणि जीन डे या दोघींनी केला व तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचवीच्या मुलांपासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत अनेकांकडून त्यांनी सारांश लिहवून घेतले. लहान मुलांची रीत एकच आढळली: मजकूर वाचत जायचे, एखादे वाक्य महत्त्वाचे वाटले तर जसेच्या तसे उतरवायचे, वाटले नाही तर सोडून द्यायचे. क्षुल्लक आणि पुनरुक्त भाग गाळणे पाचवीच्या मुलांनाही जमत होते. परंतु परिच्छेदाचा गाभा स्वतःच्या एका वाक्यात मांडणे त्यांना क्वचितच साधत होते. ही जागतिक रड आहे, आपल्याच मुलांचा हा दोष नव्हे. पण परभाषेतून शिकणाऱ्या मुलाला ही उतरवण्याची रीत विशेष सोयीची पडते, कारण अर्थ न कळताही वाक्य उतरवता येते!

एक नमुना घेऊ. ‘सौंसरच्या बाजारात संत्री येतात, मोसंबी येतात, लिंबेही येतात. पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. दूरदूरचे व्यापारी येतात. परवा मध्यरात्री अचानक पाऊस आला. उघड्यावरची फळे भिजली. व्यापाऱ्यांनी माल उचलला नाही आणि भाव कोसळला.’ हा उतारा आम्हीच रचलेला आहे. उतरवून काढणारे मूल पहिले आणि शेवटचे वाक्य घेईल: ‘सौंसरच्या बाजारात संत्री येतात. व्यापाऱ्यांनी माल उचलला नाही.’ दोन्ही वाक्ये खरी, पण त्यांचा परस्परांशी संबंध काय? आता शिक्षकाने मुलांबरोबर हा उतारा सोडवला तर काय होईल ते पाहा. गाड्यांची रांग आणि दूरचे व्यापारी ही सजावट आहे, ती गाळू. संत्री, मोसंबी, लिंबे या तिन्हींना मिळून एक शब्द कोणता? फळे. मग कशामुळे काय झाले? पावसामुळे फळे भिजली, भिजल्यामुळे उचल झाली नाही, उचल न झाल्यामुळे भाव पडला. तेव्हा सार झाले: ‘पावसाने फळे भिजल्यामुळे सौंसरच्या बाजारात भाव पडला.’ हे वाक्य मूळ उताऱ्यात कोठेही नाही. ते मुलाला घडवावे लागते, आणि ते घडवताना त्याने जो विचार केला तेच शिक्षण. गाळणे, एकत्र करणे, एका नावाखाली आणणे, मुख्य वाक्य शोधणे आणि ते नसेल तर रचणे, अशा या पाच पायऱ्या आहेत. चौथीच्या मुलाला त्या कळू नयेत इतक्या त्या अवघड नाहीत. फक्त त्या कोणीतरी फळ्यापाशी उभे राहून, मोठ्याने विचार करून, दाखवाव्या लागतात.

आणखी एक घोटाळा आपल्या मराठी वळणामुळे होतो. इसापनीतीपासून आपल्याला प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्याची सवय लागलेली आहे. त्यामुळे सार सांग म्हटले की मूल तात्पर्य सांगते. पांढुर्ण्याची गोटमार सर्वदूर माहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. दरवर्षी शेकडो जण जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. या जत्रेवरचा धडा वाचून सार लिही म्हटल्यास मूल लिहील: ‘दगड मारू नयेत.’ विचार सुंदर आहे, पण तो सारांश नव्हे. कोण, कोठे, केव्हा, कशासाठी, काय करतात आणि त्याचे काय होते, हे आधी सांगता आले पाहिजे. बरेवाईट ठरवण्याचा अधिकार त्यानंतरचा. जो समाज घटना नीट ऐकून घेण्याआधीच तिचे तात्पर्य काढतो, त्याचे काय होते हे आपण सार्वजनिक जीवनात रोज पाहत आहोत.

मग पांढुर्णा-सौंसरच्या शाळेत हे शिकवायचे कसे? आमच्या मते मार्ग सरळ आहे. पाठ हिंदीत वाचावा, पुस्तक मिटावे, आणि सार प्रथम मुलाच्या घरच्या बोलीत, तोंडी, सांगू द्यावे. कोणाच्या घरी नागपुरी वळणाची मराठी असेल, कोणाच्या घरी पवारी असेल, कोणाच्या घरी गोंडी. जी असेल ती. बोलीत सांगताना पाठातले वाक्य उतरवण्याची पळवाट आपोआप बंद होते. ‘राजूला मार बसला’ असे मूल म्हणाले की गफलत कोठे झाली ते शिक्षकाला त्याच क्षणी कळते आणि ‘शिक्षा’ या शब्दाचा हिंदीतला अर्थ तेथल्या तेथे सांगता येतो. त्यानंतर तेच सार मुलाने हिंदीत सांगावे, आणि शेवटी तीन ओळींत लिहावे. हा आमच्या कल्पनेचा खेळ नव्हे. वेल्समध्ये सेन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञाने १९९४ मध्ये हीच रीत मांडली: एका भाषेत वाचावे वा ऐकावे, आणि दुसऱ्या भाषेत सांगावे वा लिहावे. इंग्रजीच्या छायेत वाढणाऱ्या वेल्श भाषेसाठी ती काढली गेली. पुढे तिचा प्रसार जगभर झाला. दोन भाषांच्या मधला पूल ओलांडताना अर्थ बरोबर न्यावाच लागतो, हे तिचे साधे मर्म आहे.

ही रीत एकट्या शिक्षकाच्या बडबडीवर चालू नये. पालिंक्सर आणि ब्राऊन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वाचनात मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट करून, एकेका मुलाने आळीपाळीने शिक्षक व्हायचे असे ठरवले. त्या मुलाने परिच्छेदावर प्रश्न विचारायचा, सार सांगायचे, कठीण जागा उलगडायची आणि पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. त्या मुलांचे आकलन लक्षणीय सुधारले. आपल्याकडे खेड्यातील एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत, जेथे एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तेथे तर ही पद्धत वरदान ठरावी. तिला ना नवी इमारत लागते, ना यंत्रे. दिवसाची पंधरा मिनिटे, एक परिच्छेद आणि मुलाचे ऐकून घेण्याची शिक्षकाची तयारी, एवढेच भांडवल पुरते.

परंतु आपली व्यवस्था मोजते ते निराळेच. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे, देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीच्या मुलांपैकी केवळ ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला; तिसरीच्या मुलांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. हे आकडे वाचून आपण हळहळतो. पण ही मूळ चाचणी मोठ्याने वाचता येते काय, एवढेच पाहते. जी मुले तीत उत्तीर्ण झाली, त्यांतील किती जणांना वाचलेल्याचे सार सांगता येईल, हे या आकड्यांतून कळत नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ सुरू केले. मध्य प्रदेशात तेच ‘मिशन अंकुर’ या नावाने चालते. ‘निपुण’ या नावातच समजून वाचण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळायची, तर परीक्षेतील प्रश्न बदलले पाहिजेत. पाठाखालचे प्रश्न आणि त्यांची गाइडातली उत्तरे हे जोवर गुण मिळवून देतात, तोवर उतरवून काढणे हाच शहाणपणाचा मार्ग राहणार, आणि त्याबद्दल मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. न वाचलेला एक छोटा उतारा द्यावा व त्याचे सार विचारावे. तिसरीपासून तोंडी, पाचवीपासून लेखी.

कायद्याचा आधार नाही म्हणून हे अडले आहे, असेही नाही. फेररचनेबरोबरच १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी करून देण्याची जबाबदारी राज्यांवर पडली. त्यापूर्वी १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असल्यास त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, असे सूत्र घालून दिले होते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात शक्य तेथवर मातृभाषा हे तत्त्व आले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी असे म्हटले आहे. कागद भरपूर आहेत. त्यांचा सारांश मात्र वर्गापर्यंत पोहोचलेला नाही. नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाने आणि भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्राने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. मराठी समजणारे शिक्षक या दोन तहसिलींत प्राधान्याने नेमावेत. हिंदी-मराठीतील फसव्या शब्दांची एक छोटी पुस्तिका जनशिक्षकांमार्फत प्रत्येक शाळेत पोहोचवावी. आणि वर्गात घरच्या बोलीतून सार सांगणाऱ्या मुलाला गप्प बसवू नये, अशी स्पष्ट सूचना द्यावी. यातील शेवटच्या गोष्टीला तर एक पैसाही लागत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पालकांचाच असेल. मध्य प्रदेशात राहायचे तर हिंदी हवी, नोकरीला हिंदी हवी, मग वर्गात पुन्हा घरची बोली कशाला? हा आक्षेप झिडकारण्यासारखा नाही. हिंदी हवीच. किंबहुना ती चांगली यावी म्हणूनच आमचे हे सांगणे आहे. ज्याच्या डोक्यात शिक्षा आणि शिक्षण यांची खिचडी झाली आहे, त्याची हिंदीही कच्चीच राहणार. अर्थ एकदा आपल्या भाषेत पक्का झाला, की तो दुसऱ्या भाषेत नेणे हे पुढचे पाऊल असते; पाया सोडून कळस चढवण्याचा उद्योग मात्र कोणत्याही भाषेत फसतो.

गोमंतकीय वाचकांना हे सारे दूरच्या सातपुड्यातले वाटू नये. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या लोकांनी पदरमोड करून मराठी शाळा चालवल्या, आणि १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा उघडल्या, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. पण त्या शाळांत बसलेल्या असंख्य मुलांच्या घरी कोंकणी होती, हेही तितकेच खरे. आमच्या घरात ‘पळय’ म्हणजे पाहा आणि पुस्तकात ‘पळ’ म्हणजे धाव. लिपी तीच, कान निराळा. चांगल्या गुरुजींनी हे ओळखले होते. ते कोंकणीतून समजावत आणि मराठीतून लिहवून घेत. आज प्रश्न अधिक बिकट झाला आहे. १९९० मध्ये प्राथमिक स्तरावर देशी भाषांच्या शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही त्याची दारे उघडली. त्या वादाचा निकाल कोणी कसाही लावो. परंतु घरी कोंकणी-मराठी बोलणारे मूल इंग्रजी धड्याचे सार आपल्या आजीला सांगू शकते काय, हा प्रश्न प्रत्येक घराने आज रात्रीच विचारून पाहावा. कीर्तनाहून परतलेली आजी अख्ख्या आख्यानाचे सार चुलीपुढे पाच मिनिटांत सांगत असे. तिला ते कोणत्या शाळेने शिकवले होते? ऐकलेले दुसऱ्याला सांगायचे आहे, या जाणिवेनेच ते शिकवले होते.

आज कोणताही मजकूर यंत्राच्या हाती दिला की क्षणार्धात त्याचा सारांश समोर येतो, मग मुलांना हा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. पण यंत्राने केलेले सार बरोबर की चूक, हे कोणी ठरवायचे? सौंसरच्या संत्राबागाईतदारापुढे उद्या पीकविम्याचा कागद येईल, बँकेचा करार येईल, तहसीलीची नोटीस येईल. कागद हिंदीत असेल किंवा इंग्रजीत. मुलगा तो घडाघडा वाचून दाखवील. बाप विचारील, ‘बाबा रे, यात आहे तरी काय?’ त्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता आले तर शाळा सार्थकी लागली. नाही आले, तर बाप मुकाट्याने सही करील, आणि हिंदीत ‘सही’ म्हणजे बरोबर असते एवढ्यावरून काही तो कागद बरोबर ठरणार नाही.